आयुधपूजेला जोडलेली केबल

नव्व्याण्णव सालचा दसरा. चामराजपेठेतल्या घरी मी श्रीखंडाचा चक्का पुरणयंत्रातून काढत होते. माझी नणंद मनस्विनी झेंडूच्या माळांच्या उरलेल्या दोऱ्याचा गुंता सोडवत होती. दुसऱ्या कुणी तो कात्रीने कापला असता. गॅसची कळ दोनदा बघणारी ही बाई, घरात सगळे चिडवायचे, "अक्का, चंद्र जागेवर आहे का तेही बघून ये."

तेवढ्यात दार वाजलं, आणि वाजतच राहिलं.

दारात तिचे साहेब कृष्णमूर्ती. अनवाणी. गाडी चालवत आले, पण चपला घालायचं राहून गेलं होतं.

"रक्तपेढीचं काहीच उघडत नाही," ते कानडीत म्हणाले. "तुमचा फोन तासभर गुंतलेला. आज बाटल्या द्यायच्यात, आणि तपासणीत नापास कुठल्या, ते त्यातच आहे."

मनस्विनीच्या ऑफिसात रक्तपेढीसकट पाच गिऱ्हाइकांचं काम एकाच थोरल्या काँप्युटर-मशीनवर चाले. मशीन आतून पाच भागांत वाटलेलं. प्रत्येक भागाला वाटायचं, आपणच अख्खं मशीन. माल मात्र पाचांचाही एकाच डिस्कच्या कपाटात. कुणाला कुठला खण दिसावा, हे ठरवणं तिचं काम. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "वहिनी, आपल्या मागच्या भाडेकरूंसारखं. आधी कुलपं, मग बिऱ्हाडं. उलटं केलं की याचे तांदूळ त्याच्या डब्यात."

आदल्या दिवशी ऑफिसात नव्या मशीनची आयुधपूजा होती. घरच्या खंडेनवमीसाठी तिने रजा घेतली होती, पण सकाळीच माझ्यासमोर फोन करून बजावलं होतं, "कुंकू लावा, नारळ फोडा, चालूसुद्धा करा. फक्त कपाटाला जोडू नका. मी आल्यावर खण ठरवते, मग जोडू." पलीकडून साहेबांचा कानडी होकार आला होता, "सरी, सरी."

"जोडलंत?" तिने आता विचारलं.

"पुरोहित म्हणाले, जोडल्याशिवाय आयुध कसलं? नुसता डबा. मुहूर्त टळत होता. मग त्याला सगळेच खण दिसायला लागले. एकेका खणाचं विचारायचं, हा नवा दिसतो, माझी खूण करू का?"

"आणि?"

"मी हो म्हटलं. पाचही वेळा. शुभ दिवशी नाही कसं म्हणायचं?"

पुरणयंत्राचा दांडा माझ्या हातात तसाच राहिला. मनस्विनी खुर्चीवर बसली. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "खुणेने वरची पाटी पुसते. आतलं जागेवर असतं. पाटी परत लिहिता येईल."

"पण नवं मशीन म्हणतंय, खण रिकामे आहेत. म्हणून ऑफिसातल्या दामोदरला मी ते नव्याने तयार करायला बसवून आलोय."

"आत्ता? या क्षणी? त्याने तर आतलंही पुसलं जातं!"

ती उठली ती थेट फोनकडे. आमचे हे अजून येलहंक्याच्या मामींना शुभेच्छा देत होते. तिने त्यांच्या वाक्याच्या मध्येच फोन दाबून तोडला. त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"दामोदर, कितवा खण?"

पलीकडचा आवाज आम्हालाही ऐकू आला. "तीन झाले, अक्का. चौथ्यावर फक्त हो म्हणायचंय."

चौथा रक्तपेढीचा होता.

"हात मागे घे. मागची केबल उपस. आधी केबल, मग बोल."

मग आवाज आला, "उपसली."

"पहिल्या तिघांचं शनिवारपर्यंतचं टेपवर उतरवलेलं आहे," ती फोन ठेवून म्हणाली. "नंतरचं गेलं."

कृष्णमूर्ती भिंतीला टेकले. "तीन? माझ्या हाताने?" मग घाबरतच विचारलं, "रक्तपेढीचं वाचेल ना?"

"माहीत नाही. पाटी लिहून बघते." तिने पर्स उचलली. "एकच विनंती आहे, सर. मी बसेन तोवर त्या खोलीत कुणी येऊ नये. तुम्हीसुद्धा."