आकार मिळाला की येते

मी परदेशी निघाले ती भांड्यांच्या टेम्पोतून. बाबा भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात डाय, म्हणजे भांड्यांचे साचे, बनवायचे. शेठने मोठ्या मनाने विमानतळापर्यंत टेम्पो दिला, पण त्यातली पातेली उतरवायला कुणाला वेळ नव्हता. नवघरच्या आमच्या बिल्डिंगमधले नऊ जण, माझ्या दोन बॅगा आणि प्रत्येक खड्ड्याला एकदम वाजणारी पातेली. कुणाच्या वरातीतही एवढा दणका नसेल. काशीमीऱ्याला ट्रकांच्या रांगेत अडकलो तेव्हा कुठे शांत झालं आणि बाबांनी विचारलं, "पण काम नक्की किती दिवसांचं?"

मी म्हणाले, "आकार मिळाला की परत येते."

झुरिकच्या प्रयोगशाळेत मला फ्लूच्या विषाणूतल्या एका प्रथिनाच्या तुकड्याचा आकार शोधायचा होता. तुकडा रसायनांपासून बनवलेला, म्हणजे अगदी निरुपद्रवी. तो द्रावणात असताना कसा वळतो, एवढाच प्रश्न. हे मी बिल्डिंगला तीनदा समजावलं. आई म्हणाली, "पाण्यात विरघळल्यावर आकार कसला गं? साखरेला राहतो का?" पुढे हाच प्रश्न मोठमोठे प्रोफेसर जरा अवघड शब्दांत विचारताना ऐकले, तेव्हा आईचा अभिमान वाटला.

बाबांना मात्र काम लगेच पटलं. डाय बनवणाऱ्याला आकार म्हणजे रोजचंच. एक ड्रॉइंग, एक माप, मोजायला व्हर्नियरची पट्टी, म्हणजे व्हर्नियर लावायचा, केसभर फरक निघाला तर जॉब भंगारात. चांगल्या कारागिराला वर्ष पुरे, पोरीचा हात नवा म्हणून दोन, असं त्यांनी धरलं होतं.

आमच्याकडे फोन नव्हता. समोरच्या जयाबेनचा नंबर आमचा पी.पी. नंबर. रविवारी सकाळी मी फोन करायचे तेव्हा अख्खा मजला त्यांच्या हॉलमध्ये हजर असायचा. 'व्हायरस' हा शब्द ऐकल्यापासून जयाबेन रिसीव्हर आधी ओल्या फडक्याने पुसायच्या, मग विचारायच्या, "आकार मळ्यो?" मग बाबा, "मिळाला का गं?" मग आई, "जेवलीस का?" तेवढ्यात माझी नाणी संपायची.

आकार काही मिळत नव्हता. पहिल्याच दिवशी बांगडीत अडकवलेल्या माझ्या सेफ्टी पिना आकार शोधायच्या यंत्रातल्या चुंबकाच्या दिशेने ताठ उभ्या राहिल्या आणि तिथल्या टेक्निशियनने मला दंडाला धरून बाहेर काढलं. हे चुंबक माणसापेक्षा उंच. बारीक काचेच्या नळीत द्रावण भरून नळी त्यात सोडायची. ते काही फोटो काढत नाही, नुसत्या चुगल्या सांगतं. हा हायड्रोजन त्याच्या जवळ असतो, तो पलीकडच्याच्या. अशा शेकडो चुगल्या जमवून कोण कुणाला चिकटून बसलंय ते ठरवायचं. नवघरच्या बिल्डिंगमध्ये वाढलेल्या मुलीला हे अवघड जायला नको होतं. पण पहिलं वर्ष सँपल दह्यासारखं तळाशी बसण्यातच गेलं.

तिसऱ्या वर्षी आकार मिळाला. त्या रविवारी बाबांनी विचारलं आणि मी म्हणाले, "नाही अजून."

खरं सांगायचं तर मला परतायचं नव्हतं. प्रोफेसरांनी पुढचा, जास्त लांबीचा तुकडा देऊ केला होता, आणखी तीन वर्षांसाठी. मला तो हवा होता. माझं टेबल, माझी किल्ली, माझं लग्न कधी असं न विचारणारी माणसं, हेही सगळं हवं होतं. सहा रविवार मी खोटं बोलले. सातव्या रविवारी कळलं, की माझ्या आकारासाठी जयाबेननी उपास धरलाय.

अख्ख्या मजल्यासमोर फोनवर बोलायची हिंमत नव्हती. पत्र लिहिलं. आकार मिळालाय, पण मी येत नाहीये, मला पुढचा तुकडा हवाय. सोबत चित्र पाठवलं. अशा कामात उत्तर एकच येत नाही. सगळ्या चुगल्यांशी जुळणारे वीस आकार मी एकावर एक काढले होते. मध्ये वीसही एकसारखे, गोल जिन्यासारखे वळलेले. टोकं मात्र वीस दिशांना सुटलेली, कारण द्रावणात ती खरोखरच हलत असतात.

पुढचं आईने सांगितलं. बाबांनी पत्र जिन्यात उभ्याने दोनदा वाचलं आणि खिशात घातलं. चित्र तेवढं घेऊन ते जयाबेनच्या हॉलमध्ये गेले, सगळ्यांसमोर त्यावर व्हर्नियर लावला आणि म्हणाले, "हे बघा, एकाचं टोक दुसऱ्याला जुळत नाय. काम अर्धंच झालंय. पोरगी एवढ्यात येत नाय." जयाबेननी उपास पुढे चालू ठेवला.

मला त्यांचं चार ओळींचं पत्र आलं. "चित्र पाहिलं. मधला भाग पक्का बसलाय, शाबास. टोकं चुकलेली नाहीत, मोकळी आहेत, हे मला कळलं. पुढचा तुकडा घे. इथलं मी बघतो."

ते पत्र हातात घेऊन मी प्रयोगशाळेच्या जिन्यात हमसून हमसून रडले. आपल्यातले जे जे दूरदेशी गेले, त्यांना कुणीतरी असंच जाऊ दिलेलं असतं. मागे राहिलेल्यांनो, ते आम्हाला उशिरा कळतं, पण कळतं. आता घर कुठे म्हणून विचारलं की मी झुरिकचा पत्ता सांगते. मनात मात्र जयाबेनचा तो हॉल येतो, जिथे आयुष्यात कधी चुकीचं माप न सांगितलेला माणूस माझ्यासाठी सगळ्यांसमोर खोटं बोलला.