आपलेच दात, आपलेच ओठ

शाळेच्या आवारात, झोक्यांच्या पलीकडे एक पांढरी खोली होती. पाटीवर सरकारी भाषेत 'दंत चिकित्सालय' लिहिलेलं होतं, पण मुलं तिला खाटीकखाना म्हणत. मुलांचे आईबाप म्हणत, आणि नर्सबाई जवळपास नाहीत असं बघून हेडमास्तरही तेच म्हणत. या नर्सबाई म्हणजे नोला ड्रमंड. राजधानीत, वेलिंग्टनला, दातांचं काम दोन वर्षं शिकून विसाव्या वर्षी गावात आल्या आणि तेहतीस वर्षं गावाची तोंडं उघडून बघत राहिल्या. आज त्या गावात चाळिशीच्या पुढचा कुणीही हसला की दातांत भरलेलं जे करडं चांदीसारखं चमकतं, ते नोलाचं काम.

तिला लोकांनी दुष्ट म्हटलं तर ते मला पटत नाही. नोलाच्या आईने लग्नाच्या आधल्या महिन्यात वरचे-खालचे सगळे दात उपटून घेतले होते आणि कवळी बसवली होती. माहेरची भेट म्हणून! पुढे नवऱ्याला दातांचा खर्च नको, हा हिशेब. तेव्हा त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. नोलाला मात्र लहानपणापासून पेल्यात पडलेली ती आईची बत्तिशी बघवत नसे. गावातल्या एकाही मुलीवर ही पाळी येऊ द्यायची नाही, असं ठरवून ती नर्स झाली. शिकवणाऱ्यांनी सांगितलं होतं की संशय आला की कोरा आणि भरा, कारण आजचा डाग म्हणजे उद्याचं भोक. नोलाने ते वेदवाक्य मानलं. तेव्हा कोरायचं यंत्र पायाने चालवायचं असे आणि सुई टोचून दात बधिर करायची चैन मुलांना नव्हती. काम झालं की ती कापसाच्या बोळ्याला दोरा गुंडाळून, पंख लावून मधमाशी करून द्यायची. रडून लाल झालेली पोरं ती मधमाशी मुठीत धरून वर्गात परत जायची.

दर फेब्रुवारीत शाळा सुरू झाली की नवी पोरं दारातच भोकाड पसरत. त्यावर नोलाने एक उपाय काढला. स्वतःच्या मुलीला, लिओनीला, ती सगळ्यांच्या आधी खुर्चीत बसवायची. "बघा, आमची लिओनी रडते का?" लिओनी रडत नसे. पाच वर्षांची, सहा वर्षांची, सात वर्षांची, ती खुर्चीच्या हाताला धरून छताकडे बघत राहायची. बाकीची पोरं गुमान रांगेत उभी राहत.

ती लिओनी आता चाळिशीची. मुख्य रस्त्यावर तिचं दुकान आहे, त्यात झाडपाल्याची औषधं, अर्क, तेलं, मलमं. दात घासायला तिथे मातीची पांढरी पूड मिळते. नवरा केव्हाच ऑस्ट्रेलियाला गेला. राहिली पाच वर्षांची ब्रायनी. लिओनी या लेकीला ना लस देई, ना डॉक्टरच्या दारात उभी करी. आणि दातांच्या दवाखान्याचं तर नावही काढायचं नाही. रात्री निजताना हिरड्यांना मानुका नावाच्या रानझुडपाचा मध चोळायचा, म्हणजे किडीचं काही चालत नाही, असा तिचा नेम होता. चोख, रानातला, महागाचा मध.

एक दिवस नात हसली आणि नोलाला तिच्या हिरड्यांलगतचे तपकिरी डाग दिसले. तेहतीस वर्षांच्या सवयीच्या डोळ्यांना दुसरं काही बघावं लागलं नाही.

"लिओनी, मध कितीही औषधी असला तरी साखरच ती."

"लोक जखमेवर लावतात तो, आई."

"जखमेवर लावतात गं, तोंडात ठेवून झोपत नाहीत. तिला एकदा दाखवून तरी आण."

"म्हणजे कोरायला मोकळे? तिचं तोंड तिचं आहे. आणि ती मोठी होईपर्यंत माझं. तुझं नाही."

नोलाने दातांच्या कण्या केल्या, पण लिओनी ढिम्म. शेवटी एका रविवारी ब्रायनीने पावाची कड चावली आणि ती किंचाळली. तेव्हा लिओनीचा चेहरा प्रथमच उतरला. ती हळू आवाजात म्हणाली, "बरं. ती सभा होऊन जाऊ दे. मग नेऊ. तू पण चल."

सभा होती पाण्याची. दात किडू नयेत म्हणून नळाच्या पाण्यात फ्लोराइड घालायचं की नाही, यावर नगर परिषद मत घेणार होती. त्याआधी रग्बी क्लबच्या हॉलमध्ये गावाचं म्हणणं ऐकायचं ठरलं. 'घाला' म्हणणाऱ्यांनी नोलाला बोलायला उभं केलं. 'आमची मुलं, आमची निवड' असे फलक धरून बसलेल्यांच्या पुढच्या रांगेत लिओनी. नोला नीट बोलली. किडक्या दातांबद्दल, आईच्या कवळीबद्दल. टाळ्याही पडल्या. मग लिओनी उठली.

"आई, माझे अकरा दात भरलेस तू. त्यातले किडलेले किती होते?"

खोटं बोलणं सोपं होतं. कागदपत्रं केव्हाच रद्दीत गेली होती आणि लिओनीने नुसता अंधारात खडा टाकला होता. पण नोलाला खोटं येत नसे. या बाईचं सगळं वाटोळं खरेपणाने केलं, असं मी चारचौघांत म्हणेन.

"सात," ती म्हणाली.

"आणि उरलेले चार?"

"चांगले होते. नवी पोरं बघत असायची. तुला खुर्चीत बसवल्यावर काहीतरी करून दाखवावंच लागायचं. पण पाण्याची गोष्ट वेगळी आहे, लिओनी, ते ऐक…"

पुढचं कुणी ऐकलं नाही. फलकवाल्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला, 'शाब्बास नर्सबाई' म्हणून. लिओनीने टाळी वाजवली नाही. ती पांढरीफटक पडली होती. "एकदाही रडले नाही मी," एवढंच म्हणाली आणि निघून गेली. परिषदेने फ्लोराइड नाकारलं. पंधरा दिवसांत दुकानाच्या काचेवर पत्रक लागलं: 'खुद्द नर्सबाई सांगतात.' दवाखान्यात जायचं मात्र राहिलं. नोलाने फोन केला की तिकडून ठेवला जाई.

जुलैत ब्रायनीचा गाल लिंबाएवढा सुजला आणि ताप उतरेना. लवंगेचं तेल झालं, झाडपाल्याचे लेप झाले. चौथ्या दिवशी डोळा मिटायला लागला तेव्हा लिओनीने शहरातल्या इस्पितळात धाव घेतली. कागदावर सही तिनेच केली. पोरीला भूल देऊन आठ दात काढले. नळात फ्लोराइड आलं असतं तरी ते दात वाचले नसते, हे नोलाला ठाऊक होतं. ते वाचले असते त्या रविवारनंतरच्या सोमवारी. सभेची वाट न बघता पोरीला उचलून नेलं असतं, तर.

कुणीतरी कळवलं म्हणून नोला बसने गेली. पोर नुकती शुद्धीवर आली होती. तिने जीभ इकडून तिकडे फिरवली, दात सापडेनात. मग तिची नजर दारातल्या आजीवर गेली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आजी पोरांचे दात कोरते, हे ती कळायला लागल्यापासून घरात ऐकत आली होती.

"आजीने काढले?" ती हातांआडून म्हणाली.

लिओनी खाटेशी बसली होती. नोला थांबली. लेकीला बोलायला तिने पुरेसा वेळ दिला. लिओनीची मान वर झाली नाही. या घरात आईवर दात धरून बसलेली एक मुलगी आहे, दुसरी नको, असं नोलाच्या मनात आलं.

"हो राणी. मीच काढले."

ब्रायनी हंबरडा फोडून आईच्या गळ्यात पडली. "हिला घरी पाठव, आई. हिला पाठव!"

लिओनीने लेकीला घट्ट धरलं. नोलाने छत्री घेतली आणि ती खाली बसच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली.