पडायला शिकवणाऱ्याचे नाव

डिचोलीच्या गौरेशची पाटी मी चार वेळा रंगवली. आमच्या दशावतारी कंपनीचे फलक तीस वर्षे मीच रंगवले, म्हणून हे काम माझ्याकडे आले. पण माझा एवढा छळ एकाही कंपनीमालकाने केला नाही.

गौरेशचे वडील मधुकर सावंतवाडीकडून इथे गोव्यात खनिजाचे ट्रक चालवायला आले. खाणी बंद पडल्या, ट्रक गंजले, आणि गौरेश मांद्र्याला एका गेस्ट हाऊसमध्ये कामाला लागला. तिथे किनाऱ्यावर एक परदेशी पाहुणा जिऊ-जित्सू शिकवायचा. समोरच्याला धरायचे, जमिनीवर आणायचे आणि असे जखडायचे की त्याने हाताने थापटून शरण यावे, असा हा खेळ. गौरेशला त्याचे वेडच लागले. पुढे म्हापशाच्या निखिल सरांकडे तो बारा वर्षे शिकला आणि तपकिरी पट्ट्यापर्यंत पोचला. राहिला फक्त काळा. वडिलांचे ट्रक जिथे उभे राहायचे त्याच शेडमध्ये त्याने शाळा काढली. आज तिथे वीसेक मुलेमुली येतात.

अशा शाळेत भिंतीवर गुरुपरंपरेची पाटी लागते. वर जपानी गुरू, खाली ब्राझीलचे, मग त्यांचे शिष्य, मग निखिल सर, शेवटी गौरेश. एकाखाली एक नावे, मध्ये रेघ. मी सुबक अक्षरात रंगवून दिली. दुसऱ्या दिवशी हा दारात हजर.

"मामा, एक नाव रवला."

"कोणाचा?"

"बाबुरावआबांचा."

मी कपाळावर हात मारला. बाबुराव म्हणजे आमच्या कंपनीचा राक्षस. मी राजा, तो राक्षस. पेडण्यापासून वाळपईपर्यंत प्रत्येक जत्रेत मी त्याला गदेने मारायचो, आणि देवळाच्या फरशीवर तो असा धाडकन पडायचा की बायका "अगे बाये!" म्हणून ओरडायच्या. चार वर्षांपूर्वी तो वारला. जिऊ-जित्सू हा शब्दही त्याने कधी ऐकला नसेल.

"आरे, तुजा डोका ठिकाणार आसा मां? बाबुरावाक पट्टो कोणी बांधलो?"

"माका पडाक तेंनी शिकयला," गौरेश म्हणाला.

ते खरे होते. एकोणीस वर्षांचा असताना गौरेश एका हंगामात आमच्याकडे सैनिक झाला होता. बाबुरावने दुपारी गवताच्या राशीवर त्याला मरायला शिकवले. "हनवटी छातीक लाव. तळहात जमिनीर आपट. श्वास सोड." तळहाताच्या त्या आवाजानेच मागच्या रांगेला कळायचे, की मेला! मांद्र्याच्या वाळूत परदेशी गुरूने पहिल्याच दिवशी गौरेशला उचलून आपटले, तेव्हा तो तसाच पडला. गुरूने विचारले, हे कुठे शिकलास?

मी पाटी पुन्हा रंगवली. निखिल सरांच्या शेजारून एक रेघ बाबुरावच्या नावापासून गौरेशपर्यंत आली. गौरेशने फोटो काढून सरांना पाठवला. सरांचा फोन आला. माणूस वाईट नाही, बोलला तेही शहाणपणाचे. "गौरेश, या रेघेत पट्टा न बांधलेला माणूस बसत नाही. उद्या कुणीही आपला आजोबा आणून बसवेल. रविवारी मी तुझा काळा पट्टा घेऊन येतोय. तोवर ते नाव काढ. पाहिजे तर कोपऱ्यात त्यांचा फोटो लाव, हार घाल."

"हार नको सर," गौरेश म्हणाला. "रेघ होयी."

मी समजावले. त्याची आई सरस्वती रडली. "बारा वर्सां घाम गाळलंस, आणि एका मेलेल्या राक्षसापायी पट्टो सोडतलंस?" शेवटी आईसाठी त्याने नाव पुसायला लावले. मी पुसले. तिसरी पाटी झाली. शुक्रवारी हा पुन्हा माझ्या दारात.

"नाव परत घाला मामा. झोप लागाना. आणि सर म्हणतत, रेघेतल्या प्रत्येकाच्या वर कोणतरी होया. बाबुरावआबांका कोणी शिकयला?"

चाळीस वर्षे मी ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. कंपनीतले माझे पहिले वर्ष. डिचोलीच्याच देवळात मी राजा होऊन गदा उगारली. ती खांद्याजवळ थांबवायची असते. टाळ्यांच्या भरात मी विसरलो. बाबुराव खरोखर उताणा पडला, डोके फरशीवर आपटले, तीन आठवडे अंथरुणात. उठला तेव्हा अंगणात भाताच्या गोणींवरून स्वतःला रोज खाली टाकू लागला. मी माफी मागायला गेलो, तर म्हणाला, "तुज्या हाताचो भरवसो नाय रे. म्हणान पडाक शिकतंय."

गौरेश म्हणाला, "म्हणजे वर तुमचा नाव."

"आरे गाढवा! मी शिकवलंय नाय, चुकलंय!"

"पण थयसूनच सुरू झाला मां?"

चौथी पाटी, बाबुरावच्या वर माझे नाव घालून, मी दात-ओठ खात रंगवली. रविवारी निखिल सर आले, ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि पिशवीतला काळा पट्टा बाहेर काढला नाही. "तू त्या लायकीचा आहेस," ते म्हणाले. "पण ही पाटी माझ्या नावाखाली असताना मला तो देता येणार नाही." गौरेशने त्यांना वाकून नमस्कार केला. सरस्वतीने चाळीस माणसांचे जेवण केले होते. सर जेवून गेले, तेवढे मात्र बरे झाले.

नंतर त्याने वर्ग घेतला, तपकिरी पट्ट्यातच. वीस मुले एकदम मागे पडली, वीस तळहात गादीवर आपटले. शेडचे पत्रे थरथरले. मी जुन्या टायरवर बसलो होतो. हात आपोआप गदा थांबवायला वर गेला.

दर आठवड्याला मी त्याला सांगतो, निदान माझे नाव तरी पूस. तो म्हणतो, "रंग वाळू दे मामा, मगे बघूया." रंग वाळून सहा महिने झाले.