हमीदभाईंच्या तीनशे बैठका

हमीदभाई दुकानाच्या ओट्यावर दोन्ही पाय लांब करून बसले होते. गुडघे सुजून टम्म झाले होते. मागे शिलाई मशीन बंद होती आणि तिच्यावर लग्नसराईचे कापड तसेच पडले होते.

"उभं राहता येऊन नाही राह्यलं मले, मास्तर," ते म्हणाले. "भिताडाले धरून उठतो."

"कशाने झालं?"

"बैठका. तुमी सांगतलं त्याच वस्तादाकडे गेलतो."

तिथे जायला मीच सांगितले होते. ही गोष्ट सांगताना ते लपवून चालायचे नाही.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षे आधीची ही हकीकत आहे. मी वाशीमच्या एका शाळेत ड्रिल मास्तर होतो. अमरावतीला व्यायामाचा कोर्स केला होता, त्याचे सर्टिफिकेट होते. हमीदभाई आमच्या मुलांचे ड्रिलचे कपडे शिवायचे. वय एक्कावन्न. दिवसभर मशीनवर बसून पोट सुटले होते, चार पायऱ्या चढल्या की धाप लागायची. डॉक्टरांनी व्यायाम करा म्हटले. कोणाकडे जाऊ, असे त्यांनी मला शाळेच्या फाटकात विचारले. इन्स्पेक्शन दोन दिवसांवर आले होते, मी घाईत होतो. गावात नुकतीच नवी तालीम निघाली होती आणि तिच्या वस्तादाचे नाव सगळ्यांच्या तोंडी होते. तेच मी सांगितले आणि आत गेलो. माणूस कोण, त्याला काय हवे, याचा क्षणभरही विचार केला नाही.

"पहिल्या दिवशी किती मारल्या?" मी विचारले.

"तीनशे."

बैठक म्हणजे उभ्याने गुडघे पूर्ण मोडून खाली बसायचे आणि लगेच उठायचे. विशीतल्या पहिलवानाला तीनशे काहीच नाहीत. पंचवीस वर्षे मशीनपुढे बसलेल्या माणसाला तीस देतानाही मी दहादा विचार केला असता.

"दुखतं म्हणून सांगितलं नाही का?"

"सांगतलं न. तिसऱ्या दिवशी सांगतलं. ते म्हणे, दुखते म्हणजे लागू पडून राह्यलं. आन् समद्यायसमोर म्हणे, सुईदोऱ्याचा माणूस हाय, याच्यात दम कुठून येईन." हमीदभाईंनी गुडघ्यावरून हात फिरवला. मग हळूच म्हणाले, "मशीनचं जाऊ द्या. नमाज स्टुलावर बसून पढून राह्यलो मी. सिजद्यात जाता येत नाही, कपाळ जमिनीले टेकत नाही."

तिथून उठलो तो थेट तालमीत गेलो. डोके इतके तापले होते की चपला काढायचेही भान राहिले नाही आणि मातीच्या हौदापाशी मला कोणीतरी थांबवले. वस्ताद मोठ्या अंगाचा माणूस. दोन-तीन जिल्ह्यांत कुस्त्या मारून आलेला. दंड, छाती, मान, सगळे पाहत राहावे असे.

"हमीदभाईंना काय विचारून बैठका दिल्या?" मी म्हणालो.

"इचाराचं काय त्याच्यात? तालमीत आला म्हणजे बैठका माराच लागतात."

"पहिल्याच दिवशी तीनशे?"

"मी बारा वर्साचा होतो तवा पाचशे मारत होतो."

"ते एक्कावन्न वर्षांचे आहेत."

"मंग मी काय करू? माह्या इथं समद्यायले एकच माप हाय." त्याने अंगाला माती चोळायचे काम थांबवलेसुद्धा नाही. "मास्तर, तुमी शाळेत लेफ्ट-राइट शिकवा. मातीतलं मले शिकवू नका."

मी तिथल्या सगळ्यांसमोर म्हणालो की हा शिकवण्याचा धंदा नव्हे, माणसे मोडायचा धंदा आहे. शब्द याहून थोडे कडक होते. दुसऱ्या दिवशी चेअरमन साहेबांचे बोलावणे आले.

चेअरमन साहेब आमच्या शाळेच्या कमिटीचे प्रमुख. कापसाच्या जिनिंगचे मालक. तालीमही त्यांनीच बांधून दिली होती, वस्तादही त्यांनीच आणला होता. म्हणजे माझा साहेब आणि वस्तादाचा आश्रयदाता एकच माणूस. त्यांनी मला बसायला सांगितले नाही.

"तालमीत जाऊन तमाशा केला म्हणे."

"एका माणसाचे गुडघे गेले, साहेब. डॉक्टर म्हणतात, पाणी झालंय."

"एकाला सोसलं नाही म्हणून वस्ताद वाईट होतो का? पन्नास पोरं शिकतात तिथं. तुम्ही शाळेचे नोकर आहात. वस्तादाची माफी मागा, नाहीतर मेमो निघेल."

मी घाबरलो होतो, हे खरे. घरी आई होती, बायको होती, नोकरी नवी होती. पण एक प्रश्न तोंडातून निघूनच गेला.

"साहेब, आपण किती बैठका मारता?"

"मी?" त्यांना नवल वाटले. "मला डॉक्टरांनी मनाई केली आहे. माझं वय काय, बैठका कसल्या मारायच्या? मी सकाळी बागेत फिरतो."

"आपलं वय काय, साहेब?"

"पन्नास पुरे झाले."

"हमीदभाई एक्कावन्नचे आहेत."

मग टेबलावरचे कागद त्यांनी उगाच सरळ केले आणि "जा तुम्ही" म्हणाले. माफी मी मागितली नाही. मेमो मात्र आला. त्यात लिहिले होते की ड्रिल मास्तरांनी शाळेबाहेरच्या व्यायामाबाबत मत देऊ नये. तो वाचून मला जितका राग आला तितका वस्तादाच्या बोलण्यानेही आला नव्हता. वस्तादाला निदान कळत नव्हते. साहेबांना स्वतःच्या गुडघ्यापुरते सगळे कळत होते.

आता हमीदभाईंचे काय करायचे? माझे शिक्षण शाळेतल्या मुलांपुरते. पन्नाशीच्या सुजल्या गुडघ्याला हात घालायची माझी लायकी नव्हती आणि तसे मी त्यांना स्पष्ट सांगितले. पण या खेपेला घाई केली नाही. जवळच्या अनसिंगला एक पेन्शनर हवालदार होता, त्याला भेटलो. माणूस भला, पण त्याच्याकडे परेडशिवाय दुसरे काही नव्हते. मग बाजारातल्या एका हमालाने किसनराव माळ्याचे नाव काढले. हमालाची पाठ धरली होती, ती किसनरावांनी सोडवली होती.

किसनराव गावाबाहेर भाजीपाल्याचा मळा करायचे. तरुणपणी कुस्ती खेळलेले. एका कुस्तीत गुडघा निखळला आणि कुस्ती संपली. पुन्हा नीट चालायला लागायला त्यांना दीड वर्ष लागले. त्या दीड वर्षात ते जे शिकले, तेच लोकांना सांगायचे. अंगाने किडकिडीत. पाहून कोणी व्यायाम शिकवणारा म्हणणार नाही.

मी त्यांना दुकानात आणले. त्यांनी व्यायामाचे नावच काढले नाही.

"दिवसाचे किती घंटे बसता?"

"दहा-बारा."

"आधी कोणता गुडघा दुखला?"

"उजवा."

"मशीन चालवून दाखवा. जमते तेवढीच."

हमीदभाईंनी पाय पॅडलवर ठेवले. किसनराव खाली उकिडवे बसून बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, "स्टूल ठेंगणं हाय. गुडघा कमरेच्या वर चालला तुमचा. एवढी वर्सं असेच बसता काय?" त्यांनी स्टुलाखाली दोन फळ्या सारल्या. हमीदभाईंनी पुन्हा पॅडल मारले आणि माझ्याकडे पाहिले. दुखणे गेले नव्हते, पण कमी झाले होते, हे चेहऱ्यावर दिसत होते.

"आता नमाज कशी पढता ते दाखवा," किसनराव म्हणाले.

"येत नाही न मले."

"हातानं दाखवा. सांगा मले."

हमीदभाईंनी एकेक करून सगळे सांगितले. उभे राहणे, वाकणे, गुडघे टेकणे, कपाळ जमिनीला लावणे, पुन्हा उठणे. किसनरावांनी मधे दोनदा थांबवून विचारले. शेवटी म्हणाले, "मंग आपल्याले इथवरच पोचाचं हाय. पहिलवान कायले व्हाचं?"

पहिले पंधरा दिवस एकही बैठक नव्हती. पाठीवर निजून एकेक पाय सरळ उचलायचा, दहाच्या वर नाही. मग मळ्याच्या बांधावरून फिरणे. मग उंच बाजेवर बसणे आणि हाताचा आधार न घेता उठणे. बाजेची उंची किसनराव आठवड्या-आठवड्याला बोटभर कमी करायचे. दुखले म्हटले की त्या दिवशीचे काम बंद. "दुखणं काय सांगून राह्यलं, ते ऐका लागते," असे ते म्हणायचे.

अडीच महिन्यांनी एका दुपारी मी मळ्यात गेलो होतो. हमीदभाईंनी विहिरीवर हातपाय धुतले, बांधावर रुमाल अंथरला आणि उभे राहिले. वाकले. गुडघे टेकले. कपाळ जमिनीला लागले आणि तिथेच राहिले, नेहमीपेक्षा जास्त वेळ. मी पुढे होणार तेवढ्यात किसनरावांनी माझा दंड धरला. थोड्या वेळाने हमीदभाई उठले. कशालाही न धरता उठले. किसनराव पाठ फिरवून वांग्याच्या वाफ्यात शिरले होते.

त्या पावसाळ्यानंतर तालमीच्या दारावर चेअरमन साहेबांनी पाटी लावली. चाळीस वर्षांवरच्या माणसाने डॉक्टरांची चिठ्ठी आणावी, असे तिच्यावर होते. माझा मेमो कोणी परत घेतला नाही. मी तालमीत जाऊन एकदा पाहिले. वस्ताद चिठ्ठ्या घ्यायचा, न वाचता कोनाड्यात ठेवायचा आणि आलेल्याला बैठका द्यायचा. तीनशे.

पुढे तीस वर्षे लोक मला विचारत राहिले, मास्तर, कोणाकडे जाऊ? मी नाव सांगायचे सोडून दिले. एवढेच सांगायचो की शिकवणाऱ्याचे दंड पाहू नका, त्याने मारलेल्या कुस्त्या विचारू नका. पहिल्या दिवशी तो तुम्हाला काय काय विचारतो ते ऐका. काहीच विचारले नाही, तर चपला घाला आणि घरी या.