दत्तामामाची माटोळी आणि माझा फॉर्म

किस्से आम्ही गोळा करत नाही. डिचोलीतल्या आमच्या पुनर्वसन केंद्राच्या फॉर्मवर तळाला 'शेरा' म्हणून चार ओळींची जागा आहे. घरच्या वडीलधाऱ्यांची उत्तरं तेवढ्यात मावत नाहीत, मग मागचं पान लागतं. मी फिजिओथेरपी तिसऱ्या वर्षी सोडली. आता घरोघर जाऊन पेशंट रोजच्या जगण्यात किती भाग घेतो ते भरून आणते. माझी मागची पानं कायम भरलेली, त्यातली निम्मी सर्वणच्या दत्तामामाची.

मामा खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर. स्ट्रोकने उजवी बाजू गेली, व्यायामाने बरीच परत आली. त्याला एकच हवं होतं: चवथीला गणपतीच्या डोक्यावर छताला टांगतात ती रानफळांची माटोळी बांधायची. घरात ती तोच बांधायचा. मोठा भाऊ, सगळ्यांचा भाई, म्हणाला, "यंदा नाका. पडलो-बिडलो तर?"

* * *

पहिली भेट. मी मामाला विचारायचं, उत्तर भाईने द्यायचं.

"मामा, बाजारात जाता?"

"जाता तर. दर बुधवारी."

"काय काय घेता?"

"तो कित्याक घेतलो? तो गाडयेत बसता. काच वर, एसी चालू."

मग फॉर्मवर बोट ठेवून भाई म्हणाला, "पूर्ण सहभाग लिही."

* * *

दुसऱ्यांदा गेले तर जेवण चाललेलं. भाई मामाच्या ताटातल्या बांगड्याचे काटे काढत होता. या लोकांना माणूस जपणं म्हणजे त्याला बाळ करणं वाटतं.

मामाने ताट ओढून घेतलं. "भाई, माका स्ट्रोक इलो. दात पडूक नाय."

* * *

केंद्रातले सर खूश. "हात खांद्याच्या वर जातो. बेस्ट."

"सर, घरी तो हात दिवसभर मांडीवर असतो."

"मोजता येतं ते लिही. मत नको. कोर्स अर्धवट सोडलेल्यांनी तर नकोच."

मी म्हटलं, "पूर्ण केलेल्यांनी एकदा सर्वणला जाऊन बघावं."

त्या दिवसापासून सगळ्या होम व्हिजिट माझ्याच.

* * *

चवथीच्या आदल्या दिवशी मुद्दाम गेले. माटोळीचं काम भाईच्या मुलाला दिलेलं. तो मोप्याला विमानतळावर असतो, व्हिडिओ बघून आला होता. तिसऱ्यांदा नारळ खाली आला आणि मामा कदेलावरून, आपल्या खुर्चीवरून, उठला.

डाव्या हातात दोर, टोक दातांत.

"देवाच्या दोराक तोंड लावतंस?" भाई गरजला.

मामाने तो दोर फेकला, नवा घेतला आणि टोक भाईच्या हातात दिलं. "मगे तू धर."

"मी?"

"वर. आणखी वर."

ज्याला पाण्याचा तांब्याही हातात लागतो तो भाई दोन्ही हात वर करून उभा. मामा उजव्या हाताने फळ दाबून धरायचा, डाव्याने गाठ मारायचा. कवंडळं, तोरिंजन, सुपारीचं शिपटं. दुपार गेली. मध्येच, "भाई, हलू नको."

दिवेलागणीला माटोळी वर चढली. एकही गाठ सुटली नाही.

मी फॉर्म काढला. "काम करताना मदत किती लागली?"

बाकावर खांदे चोळत बसलेल्या भाईने तोंड उघडलं. मामाने हात आडवा केला, उजवा.

"मदतीक धरलेलो तो दोनदा खाली बसलो. लिही गे बाय."