ऑनलाइनवालीचं मशीन

घाटनांदूरच्या स्टेशन रोडवर शिवकन्याचं ऑनलाइनचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, घराचीच पुढची खोली. शटर बसवलं, एक जुनं मशीन, एक प्रिंटर आणि दोन प्लास्टिकच्या खुर्च्या टाकल्या, झालं दुकान. पीकविमा, सातबारा, हॉलतिकीट, गावाचं काहीही अडलं की माणसं तिच्याकडे येतात. नाव घ्यायच्या भानगडीत कुणी पडत नाही, सगळे तिला ऑनलाइनवाली म्हणतात. आणि सर्व्हर बंद पडला की तिलाच बोलतात, जणू तो तिनेच परसात बांधून ठेवलाय.

सकाळी मात्र मशीन तिचं नसतं, तिच्या सासऱ्यांचं, बंकटमामांचं असतं. मामा तालुकाभर सोयरिकी जुळवतात. पूर्वी पत्रिकेसाठी गुरुजींच्या दारात ताटकळावं लागे. मग अंबाजोगाईच्या कुणा ओळखीच्यानं पत्रिका काढायचं सॉफ्टवेअर फुकटात बसवून दिलं आणि मामांचा तोरा वाढला. शिवकन्या आत भाकरी थापते, तोवर ते उदबत्ती लावून मशीनपुढे बसतात, एका बोटानं जन्मवेळ टाकतात, गुण जुळवतात, कागद काढतात आणि टोपी घालून बाहेर पडतात. शिवकन्या त्यात कधी डोकावली नाही. सासऱ्याच्या कामात सुनेनं नाक खुपसायचं नाही, ही या घराची रीत.

त्या दिवशी तिला नणंदेचा, धनश्रीचा, नर्सिंगच्या प्रवेशाचा अर्ज भरायचा होता. दाखला हातात यायलाच उशीर झालेला, त्यामुळे अर्जाचा शेवटचा दिवस उजाडला होता आणि साइट संध्याकाळी पाचला बंद होणार होती. शिवकन्याचं स्वतःचं शिक्षण बारावीचा निकाल लागायच्या आधीच लग्नात बुडालं होतं. त्यामुळे अर्ज धनश्रीचा असला तरी जीव हिचा टांगणीला लागला होता.

तिनं साइट उघडली. समोर पांढरं पान, त्यावर लाल खूण आणि वाक्य, ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही.’

आता या दुकानात खाजगी काय असणार? शेजारच्या साखराबाई सातबारा काढायला म्हणून आल्या होत्या, त्या खुर्ची ओढून पार मांडीला मांडी लावून बसल्या होत्या.

शिवकन्यानं पान पुन्हा उघडलं. तेच. मशीन बंद करून चालू केलं. तेच. वायफायचा डबा बंद करून चालू केला, हिस्टरी पुसली, दुसरा ब्राउझर उघडला. तोही त्याच शाळेत शिकलेला. ‘तरीही पुढे जा’ असं कुठं दिसतंय का पाहिलं, तर ही साइट तेवढीही वाट देईना. सातबाऱ्याची साइट उघडून पाहिली, तिथेही तेच वाक्य.

“नजर लागली असंल,” साखराबाई म्हणाल्या. “लिंबू टांग मशीनला.”

“तुमी गप बसा वं जरा!” शिवकन्या खेकसली. मग तिलाच वाईट वाटलं, पण माफी मागायला सवड नव्हती.

धनश्रीनं त्याच वायफायवर मोबाइलमध्ये साइट उघडली, तर झटकन उघडली. म्हणजे नेट ठणठणीत होतं, दुखणं मशीनलाच होतं. पण मोबाइलवर कागदपत्रं चढेनात. फोटो निवडला की पान गोल गोल फिरायचं आणि पुन्हा पहिल्या रकान्यावर आणून आपटायचं. दुपार टळली. जेवायचं कुणाला सुचलं नाही.

“वैनी, ऱ्हाऊ द्या. माझ्या नशिबातच न्हाई,” धनश्री रडकुंडीला येऊन म्हणाली.

“नशीब कशाला काढतीस? मशीन बिघडलंय, नशीब न्हाई,” असं म्हणून शिवकन्यानं भावाला फोन लावला. हरिओम बीडला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवतो. त्यानंही आधी तेच सांगितलं, बंद कर, चालू कर. ती फोनवरच कडाडली, “सकाळपासून तेच करतीय रे! दुसरं सांग!”

“बरं, बरं. त्या पानावर खाली बारीक इंग्रजी असंल, ते वाच.”

सकाळपासून ती मोठी अक्षरंच वाचत होती. खालची करडी ओळ तिनं अडखळत वाचली. त्यात ‘डेट’ असा शब्द होता.

“अक्का, मशीनची तारीख बघ.”

“घड्याळ बरोबर हाय की.”

“घड्याळ न्हाई, तारीख.”

तिच्या मशीनवर कोपऱ्यात नुसती वेळ दिसायची. तिनं त्यावर दाबलं. तारीख आजची, महिना हाच, पण साल दोन वर्षं मागचं.

“मग बरोबर हाय,” हरिओम म्हणाला. “प्रत्येक साइटला खरेपणाचा दाखला असतोय, इथून इथपर्यंत चालंल असा. तुझं मशीन दोन वर्षं मागं बसलंय. त्याला वाटतंय, हा दाखला अजून सुरूच झाला न्हाई, म्हणजे खोटा.”

“पण साल बदललं कुणी?”

तेवढ्यात मामा बाहेरून आले, टोपी काढून खुंटीला लावली. सकाळी मशीनवर त्यांचाच हात होता. शिवकन्यानं विचारलं, “मामा, मशीनचं साल तुमी बदललं?”

“रोजच बदलतो की,” मामा सहज म्हणाले. “ते सॉफ्टवेअर महिन्याभराचंच होतं. साल मागं नेलं की पुन्हा चालतंय. काम झालं की परत लावतो. आज घाईत ऱ्हायलं.”

“एवढी घाई? कुणाची पत्रिका होती?”

मामांनी लेकीकडं पाहिलं. “हिचीच. कडा गावचं स्थळ हाय, लई चांगलं. गुण बी जुळले. आत्ताच त्यांच्या माणसाकडं देऊन आलो.”

धनश्रीच्या हातातला मोबाइल मांडीवर पडला.

शिवकन्याच्या मस्तकात तिडीक गेली. दिवसभर ज्या लाल खुणेशी ती झुंजत होती, ती तिच्याच घरातून आली होती, उदबत्ती लावून. पण भांडायला वेळ नव्हता. तिनं साल नीट केलं, पान उघडलं. साइट उघडली. मामा मागं उभे राहून मुलाची शेती, मुलाची नोकरी सांगत राहिले. ती एकेक कागद चढवत राहिली. पाच वाजायच्या आत अर्ज गेला, पावती निघाली. तिनं ती धनश्रीच्या हातात दिली.

“झालं का?” मामा म्हणाले. “मग साल जरा मागं घे. पोराच्या मामाला एक कॉपी द्यायचीय.”

लग्न झाल्यापासून तिनं त्यांना उलट उत्तर दिलं नव्हतं. आत्ताही आवाज चढवला नाही. “मामा, तुमच्या पत्रिकेला मागचं साल लागतंय, धनश्रीच्या शिक्षणाला आजचं. एका मशीनवर दोन्ही न्हाई चालायचं.”

मामा तणतणत आत गेले. कड्याला गेलेला कागद काही परत येणार नव्हता. पाहुणे येतील, वाद होईल, हे तिला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी मामा उदबत्ती लावून बसले, तर मशीननं पासवर्ड मागितला. शिवकन्या आत भाकरी थापत होती, तिनं ऐकू न आल्यासारखं केलं. मग त्यांनी लेकीला हाक मारली.

धनश्रीला पासवर्ड माहीत होता. तिनं तो सांगितला नाही.