मासळी कुठे सुकवायची

राजधानीत, द्वारका भागातल्या कलेक्टरकीच्या क्लासमध्ये माझा सराव इंटरव्ह्यू होता. केरळातल्या कोळ्यांच्या एका गावाने रॉकेट उडवायला आपला किनारा दिला, चर्चही दिलं, हे घोकलेलं उत्तर मी धडाधड म्हणून टाकलं.

समोरच्या मॅडमनी शांतपणे विचारलं, "अच्छा, फिर वो मछली कहाँ सुखाते होंगे?"

कोळणीचा मुलगा मी, वाळूत सुकट पसरतच वाढलो, तरी हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

संध्याकाळी आईचा फोन आला. आमच्या किनाऱ्यावर बंदरासाठी मोजणी सुरू झाली होती. मी घाबरून म्हटलं, "मोजणीवाल्यांना विचार, मासळी कुठे सुकवायची?"

"विचारलं. म्हणाले, मुलगा साहेब होतोय ना, त्यालाच विचारा."